तुम्ही विचारलंत म्हणून: जेवतो, की भरवता?

मुलाची सामाजिक विकासाची चाचणी झाली की पालक हमखास विचारतात, "अमेरिकेत बनलेली फूटपट्टी तुम्ही आमच्या मुलाला कशी लावता? नुसतं मराठी भाषांतर केलं की झालं का?" शंका रास्त आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांनी न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची ही श्रेणी, म्हणजे मूल रोजची कामे स्वतः किती करते हे घरच्यांना विचारून मोजणारी बाबींची यादी, प्रथम मांडली. तिच्या ११७ बाबींपैकी एक अशी आहे की सांताक्लॉज खराखुरा असतो, हे मूल आता मानत नाही. हिचे भाषांतर बिनचूक करता येईल; पण धाराशिवच्या मुलाबद्दल त्यातून काय कळणार? पुढे नागपूरला ए. जे. मलिन यांनी श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. त्यात ८९ बाबी आहेत आणि ते पंधरा वर्षे वयापर्यंत जाते.

सांताक्लॉज गाळणे सोपे असते. खरी अडचण होते ती जेवणे, झोपणे अशा सगळीकडे सारख्याच वाटणाऱ्या गोष्टींत. सहा वर्षांच्या एका मुलाच्या आजीला मी विचारले, "स्वतःच्या हाताने जेवतो का?" त्या म्हणाल्या, "जेवतो की. पण मी भरवल्याशिवाय पोट भरत नाही त्याचं." मग काल रात्री भात कोणी कालवला, शेवटचा घास कोणी दिला, असे विचारत गेले, तेव्हा सगळे आजीच करत असल्याचे कळले. "आणि शाळेत डबा कोण भरवतं?" "तिथं कोण भरवणार, बाई? डबा तर रिकामा आणतो."

मुलाला काय जमेल याला ही श्रेणी सहसा गुण देत नाही, ते रोज काय करते याला देते. मात्र ज्याला करण्याची संधीच मिळालेली नाही, त्याच्यासाठी डॉल यांनी वेगळी खूण ठेवली आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे ती खूण नीट वापरता येणे हे शंभर शब्दांच्या अचूक भाषांतरापेक्षा मोलाचे आहे. कारण मिळालेल्या गुणांवरून मुलाचे सामाजिक वय, म्हणजे ते साधारण किती वर्षांच्या मुलासारखे वागते, हे ठरते; त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणायचे असते. सहा वर्षांच्या मुलाचे सामाजिक वय साडेचार भरले, तर भागांक ७५ येतो, आणि असा आकडा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत जाऊ शकतो. लाडाने भरवलेले घास त्यात उणे धरले जाऊ नयेत.

उलटेही घडते. आई कामाला गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी मोठ्या मुलांसाठी राखलेली बाब सहज पार करते, तेव्हा ती अधिक परिपक्व आहे की तिला दुसरा इलाजच नाही, हे गुणांतून दिसत नाही. म्हणून नुसत्या बाबी बदलून भागत नाही. कोणती बाब कोणत्या वयापुढे मांडायची, हे इथल्या मुलांवर नव्याने तपासावे लागते, आणि तेही पुन्हा पुन्हा. फोन लावणे हे एके काळी मोठ्या मुलांचे काम होते. आता तीन वर्षांचे मूल चित्रावर बोट ठेवून आत्याला व्हिडिओ कॉल लावते, आणि त्याला गुण द्यायचे की नाहीत, यावर चाचणी घेणाऱ्या आमच्यातच अजून एकमत नाही.