राखेने राखलेली नगरे

दक्षिण इटलीचा ज्वालामुखी पाहायचा की तिथले प्राचीन अवशेष, असा प्रश्न प्रवासाची आखणी करताना आम्हाला पडलाच नाही, कारण त्या भूमीत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. तेथे कोणती भिंत पडली, कोणती उभी राहिली आणि कोणते नगर शतकानुशतके जसेच्या तसे झाकले गेले, हे जमिनीखालच्या अग्नीनेच ठरवले आहे. मुलांना हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा सलग रस्त्याने दाखवावे, म्हणून आम्ही, म्हणजे मी, माझे पती, सासूबाई आणि दोन मुले, भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन नेपल्सच्या उपसागरापासून सिसिलीतील एटना ज्वालामुखीपर्यंत गेलो.

सुरुवात आम्ही मुद्दाम राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन पॉम्पेई नगराऐवजी पोत्सुओलीपासून केली. नेपल्सच्या पश्चिमेचे हे बंदराचे गाव कांपी फ्लेग्रेई नावाच्या विस्तीर्ण ज्वालामुखी-कुंडात वसलेले आहे. येथील रोमन बाजारपेठेच्या अवशेषांत संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत, आणि त्यांवर जमिनीपासून काही मीटर उंचीवर सागरी शिंपल्यांनी पोखरलेल्या छिद्रांचा पट्टा स्पष्ट दिसतो. याचा अर्थ हे खांब एके काळी समुद्रात बुडाले होते आणि नंतर पुन्हा वर आले. समुद्र तेवढा चढला-उतरला नाही. जमीनच खाली गेली आणि वर आली. 1538 मध्ये याच परिसरात जेमतेम आठवडाभरात ‘मोंते नुओव्हो’ नावाची नवी टेकडी उभी राहिली, तर 1982 ते 1984 या काळात गावाची जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली. ती आजही हळूहळू वर येत आहे. इथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोकांनी पाण्याखालीही घट्ट होणारे काँक्रीट बनवले. ज्या आगीने नगरे गाडली, तिनेच त्यांची बंदरे बांधायला साहित्य पुरवले.

अलेक्झांड्रियाहून येणारी जहाजे पूर्वी याच बंदराला लागत आणि पूर्वेकडचा माल येथे उतरत असे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेल्यावर या व्यापाराचा अर्थ आम्हाला अधिक जवळून कळला. 1938 मध्ये पॉम्पेईतील एका घरात सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती तेथे आहे. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती यक्षी असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या आहेत. सातवाहनांच्या दख्खनशी नाते सांगणारी ही नाजूक वस्तू इसवी सन 79 मधल्या राखेखाली गाडली गेली, म्हणूनच आज आपल्याला पाहता येते. सासूबाई त्या काचेसमोरून लवकर हलल्या नाहीत, आणि मलाही त्यांना घाई करावीशी वाटली नाही.

पॉम्पेईबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी त्याच वेळी गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या दुसऱ्या नगराविषयी अधिक सांगेन. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इसवी सन 79 मधल्या त्या उद्रेकात पॉम्पेईवर आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला आणि त्या भाराने छपरे कोसळली. हर्क्युलेनियम वाऱ्याच्या दिशेत नव्हते, त्यामुळे तेथे सुरुवातीला फारसे काही पडले नाही. मात्र रात्री तप्त वायू आणि राखेचे लोट डोंगरावरून वेगाने उतरले आणि अखेर नगरावर सुमारे 20 मीटर जाडीचा थर साचला. त्या उष्णतेने लाकूड कोळशासारखे झाले, पण नष्ट झाले नाही. म्हणून तेथे तुळया, सरकती दारे, पलंग, इतकेच काय तर बाळाचा पाळणाही टिकला. प्राचीन किनाऱ्यावरील होड्या ठेवण्याच्या कमानींत सुटकेची वाट पाहत थांबलेल्या सुमारे 300 माणसांचे सांगाडे सापडले. आज तेथे समुद्र नाही. समोर घट्ट झालेल्या राखेची उंच भिंत आहे आणि तिच्यावर एर्कोलानो गावातील राहती घरे. माझ्या मुलीने विचारले की वरच्या लोकांना भीती वाटत नाही का. व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक 1944 मध्ये झाला आणि त्याच्या परिसरात लाखो लोक राहतात, एवढेच मी तिला सांगू शकले.

पेस्तुम येथे ज्वालामुखी नाही, तरी दक्षिणेकडे जाताना ते टाळू नये. इसवी सनापूर्वी सहाव्या आणि पाचव्या शतकांत उभारलेली डोरिक या ग्रीक स्थापत्यशैलीतील तीन मंदिरे मोकळ्या माळावर आजही उभी आहेत. ग्रीकांनी या नगराला समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून पोसायडोनिया म्हटले होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सासूबाई कोल्हापूरच्या, त्यामुळे मुलांना ती गोष्ट त्यांनीच सांगितली.

सालेर्नोपासून रेज्जो कालाब्रियापर्यंतच्या महामार्गाला टोल नाही. पुढे व्हॅनसह फेरीबोटीतून मेसिना सामुद्रधुनी ओलांडली की काही तासांत एटनाचा उतार सुरू होतो. 3,300 मीटरहून उंच असलेला हा ज्वालामुखी सतत जागा असतो. सुमारे 1,900 मीटरवर 1892 च्या उद्रेकाने तयार झालेली सिल्व्हेस्त्री विवरे आहेत आणि त्यांच्या कडेवर मुलांनाही सहज चालता येते. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा दगड ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की आपला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आहे आणि इथला काही माझ्या मुलांपेक्षाही लहान. खाली कातानियात 1669 च्या लाव्ह्याने किनारा इतका पुढे ढकलला की समुद्रकाठी बांधलेला उर्सिनो किल्ला आता शहराच्या आत आहे.

व्हॅनने जाणाऱ्यांनी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा, कारण पॉम्पेईत सावली फार कमी आहे. जुन्या शहरांच्या मध्यभागात वाहनांना निर्बंध असतात, म्हणून व्हॅन कॅम्पसाइटवर ठेवून व्हेसुव्हियसभोवतीच्या लोकल गाडीने फिरावे. आणि हर्क्युलेनियम पॉम्पेईच्या दिवसातच उरकू नये. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.