मार्चमधलं भिगवण

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी असलेल्या भिगवणला पक्षी पाहणाऱ्यांची झुंबड उडते ती डिसेंबर-जानेवारीत. पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर मात्र मार्चचा पहिला पंधरवडा गाठावा. उजनीचं पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि परतीला लागलेले पक्षी विणीचा पिसारा चढवत असतात. डिसेंबरात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (गल, एक पाणपक्षी) डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका. मार्चमधल्या एका फेरीत बऱ्याच कुरवांना पुरता तपकिरी बुरखा आला होता, काहींचा अर्धाच. मालगुजांच्या (लांब चोचीचे, चिखलात चरणारे पक्षी) माना विटकरी होत चाललेल्या. पुस्तकातलं हिवाळी चित्र तेवढं पाहून आलात तर गोंधळ ठरलेला.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण १०० किलोमीटर, तिथून आत कुंभारगाव. पहाटे चारला निघा, म्हणजे उजाडताना काठावर असाल. साडेनऊनंतर वारा सुटतो, होडी डुलते आणि तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते. लांबचे फोटो धूसर येतात ते या हवेमुळे. उगाच लेन्सला बोल लावू नये. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते, तिपाईवरचा स्कोप डुलत्या होडीत निरुपयोगी.

नावाड्याशी भाडं आणि वेळ आधीच ठरवा, दोन तास तरी हवेत. एका होडीत चौघं पुरे. रोहितांचा (फ्लेमिंगो) थवा दिसला की बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करायला सांगा, पुढे काठीने रेटायचं, तेही थव्याच्या पूर्वेकडून, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. माना पाण्यात असेपर्यंत ठीक. माना वर करून सगळे एकाच दिशेला चालू लागले की तिथेच थांबा. नंतर ते पाण्यावर धावत उडतात. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना असं पुन्हा पुन्हा उठवणं महागात पडतं.

पाऊस दणकून झालेल्या वर्षी धरण उशिरा उतरतं. पाणी खोल राहिलं की रोहितांना चरायला उथळ जागा मिळत नाही, म्हणून निघण्याआधी नावाड्याला फोन करून पाण्याचा अंदाज घ्या. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) हवे असतील तर उशीर नको, महिन्याच्या मध्यापर्यंत बहुतेक हिमालयाच्या वाटेला लागतात. पहाटे काठच्या हिरव्या गवतात शोधा.

उघड्या पडलेल्या बेटांवर फोटोसाठी उतरू नका, नावाडी तयार असला तरी. नदी सुरय (टर्न) आणि पाणभिंगऱ्या (प्रॅटिनकोल) हे पाणपक्षी तिथे उघड्यावरच अंडी घालतात, वाळूच्या रंगाची. पायाखाली आली तरी कळत नाहीत. उन्हात पालक उठले की अंडी तापून जातात.

दुपार काठावर घालवण्यापेक्षा जेवून विश्रांती घ्या आणि चारनंतर कडबनवाडीच्या माळावर जा. धाविक (जमिनीवर पळणारा माळपक्षी), पखुर्डी (कबुतरासारखा माळपक्षी) दिसायची शक्यता चांगली. वाटेत पळस फुललेला दिसला तर गाडी थांबवा, भोरड्यांचे (गुलाबी मैना) थवे तिथे असतात. माळ वनखात्याचा आहे. परवानगी आधी घ्या आणि गाडी चाकोरी सोडून गवतात घालू नका, टिटव्या आणि धाविकांची अंडीही जमिनीवरच असतात.