फ्लेम एंजलची अंडी!

आज संध्याकाळी टाकीतले पांढरे दिवे विझून निळे लागले आणि आमच्या फ्लेम एंजल या लहान समुद्री माशांच्या जोडीने अखेर अंडी सोडली! नर मादीच्या पोटाला तोंड घासत तिला वर वर नेतो, दोघं पृष्ठभागापाशी थबकतात आणि झटक्यात खाली दगडांत पसार. पुरतं एक सेकंदही नाही. पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आधीच बंद ठेवले होते, नाहीतर सगळं फिल्टरमध्ये गेलं असतं.

अंडी तरंगतात, म्हणून वरचं पाणी वाटीने काढून घेतलं. भिंगाखाली पाहिलं तर मिलिमीटरहूनही लहान, काचेसारखी आरपार, आत तेलाचा एकच थेंब.

आणि हे नर महाशय मूळचे मादीच बरं का! फ्लेम एंजल ज्यात मोडतो त्या सेंट्रोपायजी प्रजातीच्या मंडळींत गटातली सगळ्यात दांडगी मादी पुढे नर होते. आई म्हणाली, "बरंय बाई त्यांचं."

अंडी मिळणं सोपं, खरी परीक्षा पुढे. साधारण दिवसभरात फुटतात, पण पिल्लाला ना धड डोळे ना तोंड. तोंड उघडतं तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, तेही इतकं बारीक की क्लाउनफिशच्या पिल्लांना चालणारे रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) त्यात मावत नाहीत. कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी जीवांची नुकती जन्मलेली पिल्लंच हवीत. हवाईत मत्स्यपैदासकार फ्रँक बेन्श यांनी २००० नंतरच्या दशकात हे जमवून दाखवलं, तरी दुकानात दिसणारे बहुतेक फ्लेम एंजल आजही समुद्रातून धरलेलेच.

पार्व्होकॅलॅनस या कोपेपॉडचं कल्चर (वाढवलेला साठा) मुंबई-पुण्यात कुणाकडे असेल तर आजच इनबॉक्स करा. रोटिफर सुचवू नका, ते घरात ढीगभर आहेत.