अकरावी ओळ

महिन्यांच्या नव्या नावांची माझी यादी ताईने वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "नोव्हेंबर विसरलीस."

विसरले नाही, सुचत नाहीये. दोन्हींत फरक आहे. तो तिला तेव्हा सांगितला नाही, म्हणून आता इथे लिहीत बसलेय. ती जे म्हणाली त्यापेक्षा ज्या आवाजात म्हणाली ते… जाऊ दे.

बारा महिन्यांना नवी नावं द्यायची तर बारा शब्द शोधायचे, एवढंच काम असेल असं वाटतं. शब्द मिळणं सोपं असतं, अडतं ते वापरताना. पहिला नियम मी हवामानाला हात न लावण्याचा ठेवला. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३मध्ये जी नावं काढली ती ऐकायला आजही सुंदर आहेत, पण त्यातला निवोज म्हणजे हिमाचा महिना. उष्ण कटिबंधातल्या वसाहतींत हिम कुठून येणार? पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात तर ती सगळी यादीच उलटी पडते. म्हणून ऋतू सोडून वर्षाची चाल धरली. वर्ष सुरू होतं, रुळतं, अर्ध्यावर येतं, वळतं, पेंगतं, मोजलं जातं, सरतं. हे कुठेही बसलं तरी तसंच.

दुसरी गोष्ट मात्र त्या फ्रेंचांकडूनच घेतली. नावं रचली फाब्र देग्लांतीन या कवी-नाटककाराने. त्याने तीन-तीन महिन्यांना एकच शेपूट दिलं. व्हांदेमिएर, ब्र्यूमेर, फ्रिमेर हा शरद. निवोज, प्ल्यूव्हिओज, व्हांतोज हा हिवाळा. जर्मिनाल, फ्लोरेआल, प्रेरिआल वसंत. मेसिदोर, थेर्मिदोर, फ्र्युक्तिदोर उन्हाळा. नुसत्या शेवटच्या आवाजावरून वर्षाचा कोणता पाव चालू आहे ते कळतं. इंग्रजांनी याची शिंका-थंडीची यमकं जुळवून टिंगल केली, पण युक्ती पक्की आहे. शेपटाचा आणखी एक उपयोग असतो. साध्या नामाला महिना केलं की घोळ होतो: महिन्याचं नाव 'धुकं' ठेवलं तर 'धुक्यात भेटू' म्हणजे नेमकं कधी? शेपूट लावलं की शब्द नामापासून सुटा होतो.

मराठीत शेपूट निवडताना विभक्ती आडवी येते, आणि ते कागदावर दिसत नाही, तोंडाने बोलून बघावं लागतं. -त, -चा, -पासून, -अखेर, -भर हे सगळं लावून बघायचं. आधी मी -वी घेतलं होतं: उगवी, तोकवी. त्याला -त लावला आणि 'उगवीत' झालं, म्हणजे क्रियापद. बाद. -वार घेतलं तर तो आठवड्याचा वार वाटतो. -ट घेतलं तर मळकट, पोरकट, तेलकटच्या रांगेत महिना जाऊन बसतो, आणि वर्षाचा शेवटचा पाव उगाच कळकट होतो. शेवटी चार शेपटं टिकली: -ेर, -ाण, -ोळ, -ूर.

मग आद्याक्षरं. चालू नावांतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. छोट्या चौकटीत एकच अक्षर लिहायचं तर ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोघांचंही ऑ. जून-जुलैत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, घाईच्या अक्षरात तोही जातो. चैत्र-वैशाखाची यादीही सुटलेली नाही, आषाढ-आश्विन आणि मार्गशीर्ष-माघ बघा. म्हणून प्रत्येक नाव वेगळ्या अक्षराने सुरू व्हायला हवं. वाराशीही टक्कर नको. शुक्र हे महिन्याचं जुनं वैदिक नाव आहे, ज्येष्ठाच्या जागचं, पण आज ते वापरलं तर लोक शुक्रवारी येऊन उभे राहतील. नावं वर्णमालेच्या क्रमाने सुरू करावीत असाही मोह झाला होता, कारण संगणकावर महिने लावायला सांगितले की एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट अशी वरात निघते. पण त्या एका सोयीसाठी बाकीच्या सगळ्या नियमांचा गळा दाबावा लागतो. त्यापेक्षा शेजारच्या रकान्यात आकडा लिहावा.

तर यादी अशी: उगेर, तोकेर, कलेर (दुसरा तोकडा म्हणून, तिसऱ्यात वर्षाला कल येतो म्हणून). धावाण, रुळाण, अर्धाण. वळोळ, पेंगोळ, जमोळ. मोजूर, मग रिकामी ओळ, मग सरूर. डिसेंबरचं आधी 'संपूर' होतं, पण 'संपुरात भेटू' म्हटलं की गावाचं नाव वाटतं. सरूरला नशेची छटा आहे. वर्षअखेरीला ती चालेल.

आणि अकरावी ओळ.

थकूर? ठाकूर ऐकू येतं. उरूर? जीभ अडखळते, शिवाय उ जानेवारीकडे गेलाय. कंटूरचा क मार्चकडे. थांबूर मात्र सगळ्या कसोट्यांतून निघतो. थांबुरात, थांबुराचा, थांबुरापासून, सगळं चालतं, थ मोकळा आहे, वाराशी भांडण नाही. फक्त ते खरं नाही. नोव्हेंबर थांबत नाही. तो चालतही नाही. वर्षाची मोजदाद ऑक्टोबरात उरकलेली असते, निरोप डिसेंबरात व्हायचा असतो, आणि मध्ये हे तीस दिवस, ज्यांत नवीन काही सुरू करण्यात अर्थ नसतो आणि जुनं संपलं असंही म्हणता येत नाही. हे लिहिताना लक्षात येतंय की मी आता फक्त महिन्याबद्दल बोलत नाहीये. असो.

दुसऱ्यांनी त्या ओळीत काय भरलं ते काढून बघितलं. धीर यावा म्हणूनच.

फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने आपल्या भाषेत बारा नावं ठरवली होती, त्याचा चरित्रकार आइनहार्टने ती नोंदून ठेवलीत. नोव्हेंबरला त्याने दिलं हेर्बिस्टमानोथ, म्हणजे 'शरदाचा महिना'. मागच्या महिन्याला द्राक्षांचा हंगाम, पुढच्याला पवित्र महिना, आणि याला नुसता ऋतू. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंतने १८४९मध्ये तेरा महिन्यांचं वर्ष मांडलं, प्रत्येकी २८ दिवस, नावं थोर माणसांची. होमर, दांते, गुटेनबर्ग, शेक्सपिअर असं सगळं येतं, आणि ५ नोव्हेंबरपासून फ्रेडरिक. कवी संपले, राजा आला. तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्ष नियाझोव्ह यांनी २००२मध्ये महिने बदलले. जानेवारीला स्वतःची पदवी, एप्रिलला आईचं नाव, सप्टेंबरला स्वतःच्या ग्रंथाचं. नोव्हेंबर संजर या जुन्या सेल्जुक सुलतानाला. २००८मध्ये जुनी नावं परत आली. पोलिश लोक याला लिस्तोपाद म्हणतात, पानगळ. पण हेच नाव क्रोएशियनमध्ये ऑक्टोबरचं आहे, म्हणजे दोन बहीणभाषांत एका शब्दाने एक महिना चुकतो. हवामानाला हात लावू नये म्हणते ते याचसाठी. फिन्निश नाव मरणाशी जोडलेलं. ते मी वाचलं आणि पान उलटलं.

फ्रेंचांचा ब्र्यूमेर, धुक्याचा, साधारण २० नोव्हेंबरपर्यंत चालायचा. तो लोकांच्या लक्षात राहिला तो धुक्यामुळे नाही. १८ ब्र्यूमेरला, म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९ला, नेपोलियनने सत्ता उलथवली आणि पुढे त्यानेच ती दिनदर्शिका १ जानेवारी १८०६पासून मोडीत काढली. फाब्र तेवढं बघायला नव्हता. ५ एप्रिल १७९४ला त्याला गिलोटिनवर चढवलं. त्याच्याच मोजणीने १६ जर्मिनाल.

एवढं वाचून आणखीच वाईट वाटलं. सगळ्यांनी काही ना काही भरलं होतं. मलाच जमेना.

मग जोड्यांचा मार्ग दिसला. वैदिक नावांत खरं म्हणजे निम्मंच काम केलेलं आहे: मधु-माधव, नभस्-नभस्य, सहस्-सहस्य, तपस्-तपस्य. एक नाव शोधायचं आणि त्यातून दुसरं काढायचं. जुन्या मराठी पत्रांतल्या तारखांमधले हिजरी महिने बघा: रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर. पहिला आणि दुसरा, बास. अधिक महिन्याची सोय तर याहून स्वस्त. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही त्याला नवं नाव मिळतच नाही, तो पुढच्याचं नाव उसनं घेऊन 'अधिक' म्हणून उभा राहतो, मागून 'निज' येतो. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा हे होतं आणि कोणाचं अडत नाही. तेव्हा नोव्हेंबर म्हणजे 'अधिक सरूर'? किंवा मोजूर आणि मोजूर्य?

नियमात बसतं. पण पुढच्याच्या किंवा मागच्याच्या नावावर जगणं त्याच्या वाट्याला का? जोडी करायची तर सहाच्या सहा करा. एकालाच कुणाचं शेपूट बनवायचं हा अन्याय आहे. (महिन्यावर अन्याय! कुठवर आलंय बघा.)

रोमन लोकांकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण त्यांचं माहीतच आहे असं वाटत होतं. त्यांच्या परंपरेतलं सगळ्यात जुनं वर्ष दहा महिन्यांचं, ३०४ दिवसांचं. पहिल्या चार महिन्यांना नावं आणि पाचव्यापासून पुढे नुसते आकडे: पाचवा, सहावा, सातवा, आठवा, नववा, दहावा. त्यानंतरचे हिवाळ्यातले साठेक दिवस कोणत्याच महिन्यात नाहीत. एक ओळ रिकामी नव्हती, अख्खा हिवाळा रिकामा होता! तो पुढे जानेवारी-फेब्रुवारीने भरला, पण आकडे तसेच राहिले. वर्षाची सुरुवात सरकली, नववा, म्हणजे नोव्हेंबर, अकराव्या जागी गेला, तरी नाव नववाच.

त्या आकड्यांवर डोळा सगळ्यांचा होता. पाचवा इ.स.पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरला गेला, सहावा इ.स.पू. ८मध्ये ऑगस्टसला. ते दोन टिकले. मग सम्राटांची रांग लागली. नीरोने एप्रिल घेतला. डोमिशियनने सप्टेंबरला जर्मानिकस आणि ऑक्टोबरला डोमिशियानस केलं, इ.स. ९६मध्ये त्याचा खून झाला आणि दोन्ही नावं गेली. कमोडसने तर बाराच्या बारा महिन्यांना स्वतःची नावं आणि बिरुदं चिकटवली, १९२मध्ये तो गेला, त्याच्याबरोबर बाराही गेली. आणि नोव्हेंबर? तो सम्राट टायबेरियसचा जन्ममहिना. सिनेट म्हणाली, याला तुमचं नाव देऊ. रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो की त्याने उलट विचारलं, सीझर तेरा झाले तर काय कराल?

हा माणूस मला एरवी आवडत नाही. पण हे उत्तर वाचून बऱ्याच वेळाने हसू आलं.

म्हणजे ज्यांनी हौसेने भरलं त्यांचं पुसलं गेलं, आणि ज्यांना सुचलं नाही किंवा ज्यांनी कंटाळा केला त्यांचे सातवा-आठवा-नववा-दहावा दोन हजार वर्षं भिंतीवर आहेत, तेही चुकीच्या क्रमांकाने. जपानी आणि चिनी लोक आज बाराही महिने आकड्यांनीच बोलतात आणि त्यांना वेळेवर पोचायला काही त्रास होत नाही. जपान्यांकडे याच महिन्याला 'गोठल्या दवाचा' असं जुनं सुंदर नाव आहे, ते कवितेपुरतं ठेवलंय.

तर अकरा. नुसता 'अकरा' चालत नाही. 'अकराला ये' म्हटलं की तास, तारीख की महिना ते कळत नाही, आणि ११ तारखेला 'अकरा अकरा' असं तोतरं व्हायला होतं. 'अकरावी' म्हटलं की शाळा. 'अकरावा' बसतो. अकराव्यात, अकराव्याचा, अकराव्यापासून, अकराव्याअखेर. सामान्यरूप माझ्या बाकी अकरांपेक्षा सरळ होतं, हे कबूल करायला जरा जड जातंय. -ूर हे शेपूट याला नाही. नसू दे. मोजूर, अकरावा, सरूर. म्हणून बघितलं, मधला कानाला खटकतो, पण ते आता मला तितकंसं वाईट वाटत नाहीये. उद्या कुणी वर्ष दुसरीकडून सुरू केलं तर तो चुकीचा ठरेल, पण त्याच्या आधीच्याने तेच तर दोन हजार वर्षं केलं.

ताईला फोन करून सांगणार नाही. विचारलं तर सांगेन.

एक अडचण निघाली. अकराव्याने अ घेतला, त्यामुळे जूनचा अर्धाण गेला. त्याच्या जागी निम्म्यावरून निम्माण केलं, पण घाईत लिहिलं की ते 'निर्माण' वाचलं जातं. म्हणून एक म काढला. निमाण. निमाणात, निमाणाचा, निमाणापासून. नि दुसऱ्या कुणाकडे नाही.