आमची वाटचाल : उचलण्याआधीचे काम

माझ्या वडिलांनी बेळगावच्या रविवार पेठेत हमाली केली. त्या काळी शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे ही रोजचीच बाब होती आणि पन्नाशीच्या आतच त्यांची कंबर गेली. 2006 साली एका जुन्या टेंपोवर मी घरसामान हलवण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा हे उदाहरण घरात असूनही मी तीच चूक केली. वडगावातील एका कौलारू घराच्या अरुंद जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना मी खालच्या बाजूला होतो. वळणावर कंबरेत उसण भरली आणि पुढचे तीन आठवडे अंथरुणावर गेले. कपाटाला मात्र साधा पोचाही आला नव्हता.

त्यानंतर आम्ही आठवडाभर आधी घर पाहायला जाऊ लागलो. दारांची रुंदी, जिन्याची वळणे आणि पोटमाळ्यावरचा पसारा पाहिल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. अनुकूल स्थितीतही एका माणसाने 23 किलोंपेक्षा अधिक उचलू नये, असा अमेरिकेतील ‘निऑश’ या कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा हिशेब आहे; ओझे अंगापासून दूर गेले किंवा कंबर वळली, की ही मर्यादा आणखी खाली येते. भरलेला घरगुती सिलिंडरच जवळजवळ तीस किलोंचा असतो, म्हणून आमच्याकडे तो कोणीही एकटा उचलत नाही. पुस्तके लहान खोक्यांत आणि उशा-पांघरुणे मोठ्या खोक्यांत, हा नियम ग्राहकांना समजावताना अजूनही वाद होतात, कारण मोठे खोके दिसले की त्यात पुस्तके कोंबण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

कपाट आता आम्ही शक्यतो उचलतच नाही. आतले सर्व सामान काढून, दारांना कुलूप लावून, एकाने ते किंचित कलते करायचे आणि दुसऱ्याने पुढच्या पायांखाली घडी घातलेली घोंगडी सरकवायची. मग गुळगुळीत फरशीवर ते दोघांच्या हाताने सहज सरकते. जिन्यावर मात्र खांद्यावरचे पट्टे आणि तिसरा माणूस लागतोच. फ्रीज उभाच नेतो, कारण आडवा केला तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते. नाइलाजाने आडवा न्यावा लागला, तर नव्या घरी तो काही तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करू देत नाही.

आमच्या माणसांआधी घरातलीच माणसे थकतात, हे मला फार उशिरा कळले. मुहूर्त सकाळचा असतो आणि रात्रभर बांधाबांध करून मंडळी दूध उतू घालायला उभी राहतात. अक्षय्य तृतीयेला तर सगळ्या शहराला एकाच वेळी टेंपो हवा असतो. म्हणून आम्ही सुचवतो, की मुहूर्तावर देव, कलश, शेगडी आणि दुधाचे पातेले एवढेच न्यावे आणि बाकीचे सामान दोन दिवसांनी, निवांत जेवण-झोप झाल्यावर हलवावे. आमचा फायदा त्यात कमीच होतो, कारण गर्दीच्या दिवशी दर चढलेला असतो.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूची कामे आम्ही मोजकीच घेतो. दुहेरी ताडपत्रीने सामान वाचते, पण ओल्या पायऱ्यांवरून घसरणारा पाय तिने वाचत नाही.

वडील आता संध्याकाळी गोदामात येऊन बसतात. भरलेले खोके पायाने हलकेच ढकलून पाहतात आणि ते जागचे हलले नाही, तर माणसाला पुन्हा उघडायला लावतात.