खिशातली यादी

मुहूर्त बारा पस्तीसचा. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झालेली. हातातल्या अक्षता घामानं चिकटून त्यांचा गोळा झालाय, पोरांनी तर निम्म्या एकमेकांच्या डोक्यात टाकून संपवल्यात. भटजी माझ्याकडे डोळे वटारून बघतायत आणि मी माईकवरून सांगतोय, "पंचायत समितीचे माजी सदस्य, आपल्या सर्वांचे लाडके आण्णा, यांना विनंती, त्यांनी फेटा बांधून घेण्यासाठी स्टेजजवळ यावं."

आमच्या माण तालुक्यातल्या लग्नांत बावीस वर्षं मी हेच करतोय. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आवाज बरा, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून माईक माझ्या हातात आला. आमच्याकडं पाऊस कमी पडतो, मान मात्र कधीच पुरत नाही.

सकाळी मांडवात पोचलो की यजमान मला कोपऱ्यात घेतात आणि वहीचा घडी घातलेला कागद देतात. एका बाजूला किराण्याचा हिशोब: तूरडाळ, गूळ, तेलाचे डबे. दुसऱ्या बाजूला माणसं. "आमदार साहेब (आले तर)." खाली सोसायटीचे चेअरमन, त्यांचा आकडा दोनदा खोडलेला, शेजारी बाण काढून लिहिलेलं, "तात्यांच्या नंतर पण नानांच्या आधी." एका नावाखाली दोन रेघा आणि "विसरू नका." लग्न ठरवताना याद्या होतात त्यात देण्याघेण्याचं मिटतं. ही खरी यादी मात्र रात्री एक वाजेपर्यंत घरातली चार माणसं बसून करतात आणि त्यावरून भावाभावांत अबोला होतो.

यादीचे काही नियम मला आता पाठ झालेत. पदावरचा आधी. माजी नंतर, पण माजी कधी संपत नाही. एकदा सदस्य झालेला माणूस मरेपर्यंत फेटा घेतो. अलीकडं भावी म्हणून तिसरी जात निघालीय. दोन जेसीबी असलेला माणूस "सुप्रसिद्ध उद्योजक" आणि ज्याला काहीच लावता येत नाही तो "सामाजिक कार्यकर्ते". फेटा घ्यायला हाक आली की बहुतेक जण आधी मानेनंच "नको नको" करतात. दुसऱ्या हाकेला उठतात. तिसरी हाक द्यावी लागली तर समजायचं, क्रम चुकलाय.

हे आजचं नाही. पाटीलकीच्या वतनाचे भाऊबंदांत भाग पडायचे तेव्हा कागदात कलमवार लिहून ठेवायचे, विडा आधी कुणाला, होळीला पोळी पहिली कुणाची, पोळ्याला तोरणाखालून कुणाचे बैल पुढं. जमिनीइतकंच भांडण त्या पोळीवरून व्हायचं. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानंतर पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. आता त्याला लेखी परीक्षा असते, आरक्षण असतं, प्रांत ऑफिसातून ऑर्डर येते. पण माझ्या कागदावर वाड्यातले पाटील अजून तिसऱ्या नंबरला आणि परीक्षा देऊन झालेला पोलीस पाटील अकराव्या. त्याला मी गंमतीनं म्हणालो, "तू तर मेरिटमध्ये आलास की." तो म्हणाला, "गुरुजी, मेरिटनं फेटा मिळत नाही."

एकदा चुकलोच मी. यादीची घडी जिथं पडली होती तिथलंच नाव घामानं पुसलं गेलं, आणि नेमके ते नवरीच्या चुलत्याचे व्याही निघाले. मंगलाष्टका झाल्या, पंगत बसली आणि कुणीतरी येऊन कानात सांगितलं, "ते न जेवता गेले." आमच्याकडं याच्यावर बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी यजमान, मी आणि फेटेवाला, असे तिघं एका मोटारसायकलवर त्यांच्या गावाला गेलो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, ऊसाचं बोललं, पावसाचं बोललं. फेट्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "मला त्याचं काही नसतं हो." आणि डोकं पुढं केलं. अंगणात त्यांच्या म्हशीशिवाय बघायला कुणी नव्हतं. फेटेवाल्यानं तुरा मात्र मांडवात काढतो त्यापेक्षा मोठा काढला.

यादीत कधी न आलेलेही आहेत. हलगी-घुमकंवाले सकाळपासून उन्हात उभे असतात, त्यांच्याशिवाय वरात हलत नाही. त्यांचं नाव मी बावीस वर्षांत एकदाही पुकारलेलं नाही. कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणू शकतो. मलाही सुचलं नाही, हे जास्त खरं.

बायकांचंही तेच. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळं आसपास सरपंच बाया पुष्कळ. पण मी पुकारायचो "सरपंच साहेब", आणि उठायचा तिचा नवरा. ती तिकडं बायकांत सतरंजीवर. दोन वर्षांपूर्वी अशीच एक सरपंच पंगतीत वाढता वाढता माझ्यापुढं थांबली. माझीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत. पानात भात घालत म्हणाली, "गुरुजी, शाळेत हजेरीला माझंच नाव घ्यायचा. का बापाचं घ्यायचा?"

घास घशातच राहिला.

त्यानंतरच्या लग्नात यजमानांना न विचारता मी तिचंच नाव पुकारलं. मांडवात एकदम शांत. तिचा नवरा अर्धा उठला होता, तो तसाच बूट बघत खाली बसला. ती पदर सावरत आली. फेटेवाल्याचे हात थांबले. बाईला फेटा का शाल, आणि शाल तर आणलीच नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "बांधा की, डोकं सगळ्यांना एकच असतंय." पदरावरूनच बांधला. मागं बायका खदखदून हसल्या, एकीनं शिट्टीही मारली.

परवा पुढच्या लग्नाचा कागद आला. पाचव्या नंबरला लिहिलंय, "सरपंच (सौ.)". त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, बाण काढून: "मिस्टरांना पण."