सार्जंटची वही: लेडी अ‍ॅग्न्यूचा चेहरा, मधला टप्पा

लेडी अ‍ॅग्न्यूच्या डोक्याची कॉपी आता अशा जागी आली आहे की डोळे, नाक, ओठ यांतलं काहीच नीट रंगवलेलं नाही, तरी ही तीच बाई आहे हे ओळखू येतं. मला हाच टप्पा गाठायचा होता. मूळ चित्र रंगवणारा अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट शिकाऊ चित्रकारांना सांगायचा की आधी डोकं रंगवा, नाकडोळे नंतर. डोळ्याची खोबण बरोबर जागी, बरोबर टोनमध्ये (म्हणजे उजेड-अंधाराच्या नेमक्या पातळीत) बसली की डोळ्याला फारसं काम उरत नाही. वाचताना हे सोपं वाटतं. हातात ब्रश असताना पापणीची रेघ ओढण्याचा मोह आवरणं फार अवघड आहे.

म्हणून या वेळी क्रम पक्का ठरवला. प्रथम कोळशाने डोक्याचा आकार आणि मानेचा कल टिपला. मग चेहऱ्याला हात लावण्याआधी मागचा निळसर रेशमी पडदा आणि केसांचा गडद भाग घातला, कारण त्वचेचा रंग शेजारच्या रंगावरच ठरतो. त्यानंतर त्वचेचा मिडल टोन, म्हणजे ना गडद ना उजळ असा मधला रंग, सगळ्या चेहऱ्यावर. तिथून हळूहळू गडदाकडे आणि उजेडाकडे. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा फटकारा अगदी शेवटी. पांढरा हायलाइट आधी ठेवला तर पुढचा प्रत्येक टोन त्याच्याशी स्पर्धा करायला लागतो आणि चेहरा खडूसारखा होतो.

ही शिस्त सार्जंटची स्वतःची नाही, त्याच्या गुरूची आहे. त्यामुळे या चित्रकाराच्या आयुष्याकडे मी अलीकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

सार्जंट जन्मभर परदेशातच राहिला. आईवडील अमेरिकन, वडील फिलाडेल्फियातले डॉक्टर, पण जन्म 1856 मध्ये फ्लॉरेन्सला. कुटुंब युरोपभर हिंडत राहिलं. त्याने अमेरिका पहिल्यांदा पाहिली ती 1876 मध्ये, विशीत. म्हणजे ज्याला आपण गाव म्हणतो तसं त्याला काही नव्हतंच. पण गाण्यात असतं तसं त्याला घराणं मिळालं. 1874 मध्ये तो पॅरिसला कॅरोलस-ड्युरां यांच्या स्टुडिओत दाखल झाला. तिथे बारीक रेखांकनावर पातळ रंग चढवत बसायचं नाही, तर थेट रंगानेच आकार घडवायचा अशी तालीम होती. आणि त्या तालमीत एकच नाव सतत घोकलं जायचं, सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझ.

शिष्याने ते मनावर घेतलं. 1879 मध्ये तो स्पेनला गेला आणि प्राडो संग्रहालयात व्हेलास्केझच्या चित्रांसमोर उभा राहून त्याने कॉप्या केल्या, त्यांत ‘लास मेनिनास’चीही होती. पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये हारलेमला, डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या चित्रांसमोर. (हाल्सही मूळचा अँटवर्पचा, कुटुंबाबरोबर हारलेमला आलेला. मला ही गोष्ट फार आवडते.) व्हेलास्केझकडून त्याने अंधारी जागा मोकळी सोडायला शिकून घेतलं, हाल्सकडून एका फटकाऱ्यात कॉलरची घडी सांगणं. लगेच 1882 मध्ये आलेल्या बॉइट मुलींच्या चित्रात पाहा. जवळजवळ सव्वादोन मीटरचा चौरस कॅनव्हास, चार मुली, आणि मध्ये केवढा तरी काळोख. व्यक्तिचित्र करून घेणाऱ्या आईबापांना एक मुलगी चेहरा बाजूला वळवलेली, अंधारात उभी करून देण्याचं धैर्य ‘लास मेनिनास’समोर घालवलेल्या तासांतून आलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

‘मादाम एक्स’ या त्याच्या व्यक्तिचित्राची कथा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. 1884 चा सलाँ (पॅरिसचं मोठं चित्रप्रदर्शन), खांद्यावरून घसरलेला पट्टा, गदारोळ, मग पट्टा पुन्हा जागेवर रंगवलेला. 1886 पर्यंत तो लंडनला स्थायिक झाला. पण ते चित्र त्याने अनेक वर्षं स्वतःजवळ ठेवलं आणि 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकलं.

आपल्यापैकी बरेच जण सार्जंटकडे वळतात ते त्याच्या झपाट्यासाठी. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे. लेडी अ‍ॅग्न्यूचं चित्र (1892, आता एडिंबराला) सहाच सिटिंगमध्ये (मॉडेलला समोर बसवून केलेल्या बैठकांत) झालं असं सांगतात. उलट पाय्यरों भावंडांच्या 1881 च्या चित्रासाठी 83 सिटिंग झाल्या, असं त्यातल्या मुलीने मोठेपणी लिहून ठेवलं. दोन्ही चित्रांतले फटकारे सारखेच ताजे आहेत. याचं कारण त्याची पद्धत: डोकं जमलं नाही तर तो दुरुस्त करत बसत नसे. सगळं खरवडून काढायचा आणि नव्याने सुरू करायचा. आपल्याला दिसतो तो शेवटचा, ओल्या रंगात एकदाच ठेवलेला थर.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं चालणं. तो कॅनव्हास मॉडेलच्या शेजारी ठेवायचा, लांब जाऊन दोन्हींकडे एकदम बघायचा, मनात फटकारा ठरवायचा, मग पुढे येऊन तो ठेवायचा आणि पुन्हा मागे. मी प्रिंट आणि कॅनव्हास शेजारी-शेजारी, एकाच मापात लावले आहेत आणि जमिनीवर टेपची खूण केली आहे. पाहायचं ते खुणेवरूनच, कॅनव्हासपाशी फक्त रंग ठेवायचा. यामुळे फटकारे आपोआप कमी झाले आणि मोठे झाले. डाव्या गालाची कड पडद्यात विरघळायला लागली ती याच काळात.

रंग मोजकेच घेतले आहेत: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन, रोझ मॅडर, व्हिरिडियन आणि आयव्हरी ब्लॅक. गालाखालचा हिरवट करडा मॅडर आणि व्हिरिडियनमधून सुंदर निघतो, तयार करडा रंग घ्यायची गरजच पडत नाही. तिच्या कमरेच्या पट्ट्याच्या फिकट जांभळ्यासाठी कोबाल्ट लागेल, पण माझी कॉपी खांद्यापर्यंतच आहे.

कोळशाच्या सरावासाठी त्याची उत्तरायुष्यातली डोकी घ्या. 1907 च्या सुमारास त्याने तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांची कामं घेणं जवळजवळ बंद केलं आणि लोकांना एका बैठकीत कोळशाची डोकी काढून देऊ लागला. त्याच वर्षी देऊ केलेला ब्रिटिश ‘सर’ हा किताब त्याने नाकारला, आपण अमेरिकन नागरिक आहोत म्हणून. 1925 मध्ये तो लंडनलाच वारला. त्या कोळशाच्या डोक्यांमध्ये उजेडाचा भाग जवळजवळ कोरा कागद आहे. टोन किती कमी पुरतात हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता राहिली तिची किंचित उचललेली भुवई आणि तोंडाचे कोपरे. ते ओल्यातच करायचे आहेत, म्हणून खालचा भाग खरवडून मिडल टोनपासून पुन्हा घालणार आहे. ही कॉपी झाली की सार्जंट बाजूला ठेवून थेट हाल्सच्या एखाद्या डोक्याला हात घालायचा विचार आहे. ओठांचे कोपरे कुणी पूर्ण ओल्यात केले असतील तर कोणता ब्रश वापरला ते जरूर सांगा, फिल्बर्ट (गोलसर टोकाचा) की सपाट?